डॉक्युमेंटेशनच्या लिंक बदलताना हिरव्या रिपोर्टवर थांबू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोबाइल ॲपमध्ये वापरायच्या एका एसडीकेचं (इतरांनी आपल्या ॲपमध्ये जोडायच्या तयार कोडसंचाचं) डॉक्युमेंटेशन जुन्या डोमेनवरून नव्या डोमेनवर हलवलं आहे. पानांची मांडणीही बदलली आहे. काही शे पानांमध्ये जुन्या लिंक तशाच पडून आहेत. सगळ्या रेपोंमध्ये (कोड आणि पानं ठेवायच्या भांडारांत) फाइंड-रिप्लेस मारलं आणि लिंक चेकरचा, म्हणजे लिंक उघडतात का ते आपोआप पाहणाऱ्या साधनाचा, रिपोर्ट हिरवा आला, की काम झालं म्हणायचं का?

नाही. फार तर निम्मं झालं, आणि तेही सोपं निम्मं. त्या पत्त्यावर काहीतरी आहे, एवढंच चेकर सांगतो. वाचक जे शोधत तिथे गेला ते तिथे सापडतं का, हे त्याला कळत नाही. मोबाइल डेव्हलपर डॉक्युमेंटेशन निवांत वाचायला येत नाही. बिल्ड अडकलेलं असतं, रिलीज तोंडावर असतं, एका टॅबमध्ये एरर असतो आणि दुसऱ्यात तुमचं पान. त्याला ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', दिसलं तर लिंक मेल्याचं लगेच कळतं आणि तो सर्चकडे वळतो. पण २०० (म्हणजे 'पान मिळालं') देऊन भलत्याच पानावर नेणारी लिंक त्याचा तासभर खाते. अँड्रॉइडची जुनी सपोर्ट लायब्ररी २०१८ मध्ये २८.०.० या आवृत्तीवर थांबली आणि पुढचं सगळं तिच्या जागी आलेल्या अँड्रॉइडएक्समध्ये गेलं. तुमच्या पानावरचा कोड जुन्या पॅकेजचा आणि लिंक अँड्रॉइडएक्सच्या पानावर नेणारी, असं झालं तर वाचक अर्धे इम्पोर्ट इथले आणि अर्धे तिथले घेतो. चेकरच्या लेखी या लिंकमध्ये काहीच खोट नाही.

म्हणून पहिलं काम फाइंड-रिप्लेसचं नाही, मोजदादीचं आहे. लिंक कुठे कुठे आहेत ते शोधा. मार्कडाउनच्या फाइल सगळ्यांनाच आठवतात. रीडमी, कोडमधल्या केडॉक आणि जावाडॉकच्या कॉमेंट, स्विफ्टच्या डॉकसीचे लेख, सँपल प्रोजेक्टमधल्या कॉमेंट, पॉडस्पेकमधलं होमपेज, मेव्हनच्या पीओएम (लायब्ररीचं वर्णन करणाऱ्या) फाइलमधली यूआरएल, स्टोअर लिस्टिंगमधली प्रायव्हसी पॉलिसीची लिंक, सपोर्टच्या टीमची ठरलेली उत्तरं, ॲपच्या सेटिंग्ज स्क्रीनमधलं 'मदत' हे बटण आणि एसडीकेच्या एरर मेसेजमधल्या लिंक, हे सगळं मात्र हमखास सुटतं. यादी झाली की तिचे दोन भाग करा: जे आज बदलता येतं, आणि जे एकदा बाहेर गेल्यावर बदलता येत नाही.

मी सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्या भागाला देतो. मेव्हन सेंट्रल या लायब्ररींच्या सार्वजनिक साठ्यावर एखादी आवृत्ती गेली की तिची पीओएम फाइल बदलता येत नाही, त्यामुळे तिच्यातली यूआरएल कायमची तीच. एसडीकेच्या बायनरीत (बनवून बाहेर दिलेल्या तयार फाइलमध्ये) लिहिलेला मेसेज घ्या: 'ॲप की मिळाली नाही, पाहा अमुक पत्ता'. ही बायनरी लोकांच्या ॲपमध्ये जाते, ते ॲप वापरणाऱ्यांच्या फोनमध्ये जातं, आणि बरेच जण वर्षानुवर्षं अपडेट करत नाहीत. तुम्ही नवी आवृत्ती काढली तरी जुना मेसेज जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतो. अशा जागी डॉक्युमेंटेशनच्या पानाचा खरा पत्ता कधीच लिहू नये. स्वतःच्या डोमेनवर एक छोटा, ठरलेला रस्ता ठेवावा, उदाहरणार्थ डोमेनपुढे 'टू' आणि त्यापुढे 'ॲप-की-मिसिंग'. हा रस्ता आज कुठल्या पानावर उतरतो ते रीडायरेक्टच्या (एका पत्त्यावरून दुसरीकडे आपोआप वळवण्याच्या) एका फाइलमध्ये लिहिलेलं असावं. उद्या पान हललं तर त्या फाइलमधली एकच ओळ बदलायची. फ्लटर आपल्या एरर मेसेजमध्ये नेमकी हीच पद्धत वापरतं, आणि कोटलिनचं स्वतःचं छोटं डोमेन आहे.

'स्वतःच्या डोमेनवर' या शब्दांवर माझा भर आहे. बाहेरचा शॉर्टनर (लांब लिंक छोटी करून देणारी सेवा) वापरला तर लिंकचा मालक तो असतो, तुम्ही नसता. गूगलने आपल्या गू डॉट जीएल या सेवेत ३० मार्च २०१९ पासून नव्या लिंक बनवणं बंद केलं. जुन्या लिंकही २५ ऑगस्ट २०२५ पासून बंद होतील असं २०२४ मध्ये जाहीर केलं, आणि मुदत जवळ आल्यावर वापरात असलेल्या लिंक चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. गूगलचीच फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही सेवा मात्र त्याच २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली. ऑनबोर्डिंगच्या पानावर, क्यूआर कोडमध्ये किंवा ईमेलमध्ये ज्यांनी त्या लिंक दिल्या होत्या, त्यांना ते सगळं नव्याने करावं लागलं. तुमच्या रेपोत 'पेज डॉट लिंक' (त्या सेवेच्या लिंकचं डोमेन) असा शोध आजच घ्या.

आता रीडायरेक्ट. आधी लिंक बदलायच्या की आधी रीडायरेक्ट लावायचे? आधी रीडायरेक्ट. जुन्या प्रत्येक पानासमोर नवं पान लिहिलेला तक्ता बनवा, तो सर्व्हरवर चढवा, आणि मग निवांतपणे लिंक बदला. कायमच्या बदलाला सर्व्हरकडून ३०१ किंवा ३०८ हा कोड द्या. दोन्ही कायमचेच, फरक इतकाच की ३०१ वर काही क्लायंट (माहिती पाठवणाऱ्या) पोस्ट रिक्वेस्टचं (माहिती मागणारं) गेट करून टाकतात आणि ३०८ मध्ये पद्धत तशीच राहते. डॉक्युमेंटेशनच्या पानांना त्याने काही फरक पडत नाही, पण एपीआयचा पत्ताही त्याच डोमेनवर असेल तर पडतो. ज्या पानाला उत्तराधिकारीच नाही, त्याला ४१० ('पान कायमचं काढलं') द्या आणि त्या पानावर दोन वाक्यांत सांगा की हे फीचर कुठल्या आवृत्तीत काढलं आणि त्याऐवजी काय वापरायचं. सगळी अनाथ पानं होमपेजवर वळवणं ही सगळ्यात वाईट सवय आहे. रिपोर्ट हिरवा होतो आणि वाचक वाऱ्यावर सोडला जातो.

रीडायरेक्टची साखळीही होऊ देऊ नका. जुन्या पत्त्यावरून मधला, मधल्यावरून नवा, असे दोन स्थलांतरांचे थर साचले असतील, तर जुना पत्ता थेट शेवटच्या पानाकडे वळवा.

मोबाइलच्या बाबतीत इथे एक खड्डा आहे, आणि डोमेन हलवणाऱ्यांनी तो आधीच पाहून ठेवावा. जुन्या डोमेनवर सरसकट 'सगळं नव्याकडे पाठव' असा नियम लावला, की डॉट वेल-नोन या फोल्डरमधल्या फाइलही वळतात. अँड्रॉइडची ॲसेटलिंक्स डॉट जेसन आणि आयओएसची ॲपल-ॲप-साइट-असोसिएशन या, डोमेन कुठल्या ॲपचं हे सांगणाऱ्या, दोन्ही फाइल एचटीटीपीएसवर, कुठल्याही रीडायरेक्टशिवाय मिळाल्याच पाहिजेत, अशी दोन्ही कंपन्यांची अट आहे. जुन्या डोमेनवर ॲप लिंक्स किंवा युनिव्हर्सल लिंक्स (ब्राउझरऐवजी थेट ॲप उघडणाऱ्या लिंक) असतील तर हा एक नियम पडताळणी मोडतो. अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांवर तर ॲपच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये लिहिलेल्या सगळ्या होस्टची (डोमेनची) फाइल जुळावी लागते. एका होस्टची हुकली की बाकीच्यांचीही पडताळणी होत नाही. बदल डॉक्युमेंटेशनच्या टीमने केलेला असतो आणि तक्रार ॲपच्या टीमकडे जाते: 'लिंक ॲपमध्ये उघडत नाहीत, ब्राउझरमध्ये जातात.' या दोन गोष्टींचा संबंध पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून रीडायरेक्टच्या नियमांत डॉट वेल-नोनला पहिल्याच ओळीत वगळा.

याच्या उलटही होतं. डॉक्युमेंटेशन ॲपच्याच डोमेनवर असेल आणि ॲपने त्या डोमेनचे सगळे रस्ते आपल्याकडे घेतले असतील, तर फोनवर डॉक्युमेंटेशनची लिंक दाबल्यावर ॲप उघडतं आणि होम स्क्रीनवर नेऊन सोडतं. डेस्कटॉपवर तपासणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. आयओएस १३ पासून असोसिएशन फाइलमधल्या कंपोनंट्समध्ये एखादा रस्ता वगळता येतो, तिथे डॉक्सचा रस्ता वगळा. अँड्रॉइडमध्ये इंटेंट फिल्टरला (कुठल्या लिंक ॲपने उघडायच्या त्या नियमाला) पूर्ण होस्ट न देता नेमके पाथ द्या. आणि लिंक तपासताना दोन्ही प्रकारच्या फोनवर, ॲप इन्स्टॉल असताना, काही लिंक हाताने दाबून पाहा.

पुढचा मुद्दा अँकरचा, म्हणजे पत्त्यात हॅशनंतर येणाऱ्या भागाचा. तो सर्व्हरकडे जातच नाही. ब्राउझर तो स्वतःजवळ ठेवतो, आणि रीडायरेक्टच्या नव्या पत्त्यात हॅश नसेल तर जुनाच पुढे लावतो. पान जसंच्या तसं हललं असेल तर यामुळे फायदाच होतो. पानाचे तुकडे केले असतील तर मात्र सर्व्हर काही करू शकत नाही. समजा जुनं 'इन्स्टॉलेशन' हे एक पान होतं. त्यात अँड्रॉइडसाठी ग्रेडल, मग आयओएससाठी स्विफ्ट पॅकेज मॅनेजर, मग परवानग्या, असे भाग होते. आता अँड्रॉइड आणि आयओएसची वेगळी पानं झाली. 'इन्स्टॉलेशन हॅश परमिशन्स' ही जुनी लिंक घेऊन येणारा वाचक कुठल्या प्लॅटफॉर्मचा आहे हे तुम्हाला माहीत नाही. अशा वेळी मी जुन्या पत्त्यावर एक छोटं वळणपान ठेवतो. त्यावर जुने सगळे आयडी तसेच असतात, आणि प्रत्येकाखाली 'अँड्रॉइडच्या परवानग्या' आणि 'आयओएसच्या परवानग्या' अशा दोन लिंक. वाचकाला एक क्लिक जास्त पडते, पण तो चुकत नाही. जिथे उत्तर एकच आहे तिथे हॅश वाचून पुढे नेणारी चार ओळींची स्क्रिप्ट पुरते.

मथळे मराठीत असतील तर जास्त जपा. डॉक्युमेंटेशनची साइट बनवणारं एमकेडॉक्स ज्या पायथन-मार्कडाउनवर चालतं, त्याचा मूळ स्लग (मथळ्यापासून अँकरचं नाव) बनवणारा भाग आस्कीबाहेरची, म्हणजे साध्या इंग्रजीखेरीजची, अक्षरं गाळून टाकतो. पूर्ण देवनागरी मथळ्याचं सगळंच गळतं आणि आयडी उरतो तो अंडरस्कोअर एक, अंडरस्कोअर दोन असा, पानावरच्या क्रमाने. मध्ये एक नवा मथळा घातला की खालचे सगळे आयडी एकेक घराने सरकतात. लिंक तुटत नाही, शेजारच्या भागावर जाते, आणि अँकर तपासणारा चेकरही तिला पास करतो. उपाय साधा आहे. ज्या मथळ्याला बाहेरून लिंक येऊ शकते त्याला हाताने, रोमन लिपीत, अर्थपूर्ण आयडी द्या आणि मथळ्याचे शब्द बदलले तरी आयडी बदलू नका. युनिकोड राखणारा स्लग वापरता येतो, पण मग शुद्धलेखनाची एक दुरुस्तीही अँकर बदलते.

बाहेरच्या लिंकबद्दल. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ मधल्या पाहणीत, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. आपल्या क्षेत्रात पानं टिकली तरी आतला मजकूर त्याहून लवकर बदलतो. कोड ठेवायच्या गिटहब या साइटच्या लिंक तर नीट बघाव्याच लागतात. १ ऑक्टोबर २०२० पासून तिथे नव्या रेपोची मुख्य ब्रँच (कोडची शाखा) 'मास्टर'ऐवजी 'मेन' झाली आणि असंख्य जुन्या रेपोंनीही नाव बदललं. ब्रँचचं नाव बदललं तर फाइलच्या साध्या लिंक गिटहब वळवतो, पण रॉ (नुसता मजकूर देणाऱ्या) फाइलच्या लिंक वळवत नाही. त्यामुळे 'ही कॉन्फिग फाइल डाउनलोड करा' अशी सूचना मेलेली असू शकते आणि त्याच फाइलची शेजारची लिंक व्यवस्थित चालते. कोडच्या ठरावीक ओळीकडे बोट दाखवायचं असेल तर ब्रँचची लिंक देऊ नका. फाइल उघडून कीबोर्डवर 'वाय' दाबा, पत्त्यात ब्रँचऐवजी कमिटचा (कोडच्या त्या क्षणाच्या नोंदीचा) ओळखक्रमांक येतो, ती लिंक द्या. ब्रँचवरची पंचेचाळिसावी ओळ पुढच्या महिन्यात दुसरंच काही असेल. रेपोचं नाव बदलल्यावर मिळणारं रीडायरेक्टही कुणी त्या खात्यात जुन्या नावाने नवा रेपो काढला की संपतं.

ॲपलच्या जुन्या मार्गदर्शिका अर्काइव्हमध्ये आहेत. त्या उघडतात, पण त्यांची देखभाल होत नाही. अशी लिंक ठेवायचीच असेल तर शेजारी 'जुना लेख' असं लिहा. अँड्रॉइडच्या साइटवरून लिंक कॉपी करताना पत्त्याच्या शेवटी भाषेचा एचएल हा पॅरामीटर चिकटून येतो तो काढून टाका, नाहीतर तुमचा वाचक तुमच्या ब्राउझरच्या भाषेत अडकतो.

लिंक बदलताना तिच्या आजूबाजूचं वाक्यही वाचा. 'आयट्यून्स कनेक्ट उघडा' असं अजूनही कित्येक ठिकाणी लिहिलेलं असतं, ॲप स्टोअरला ॲप पाठवायच्या त्या साइटचं नाव २०१८ मध्ये ॲप स्टोअर कनेक्ट झालं. पत्ता वळतो, पण मेनूची नावं जुळत नाहीत आणि नवखा माणूस आपलंच काही चुकलं असं समजतो. कोडच्या तुकड्यांतले पत्तेही लिंकच असतात. जेसेंटर या लायब्ररींच्या साठ्याचं उदाहरण घ्या. ते बंद करण्याची घोषणा फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली, नंतर ते फक्त वाचनापुरतं उरलं, आणि ऑगस्ट २०२४ पासून त्याकडे येणाऱ्या रिक्वेस्ट मेव्हन सेंट्रलकडे वळवल्या जातात. ग्रेडलच्या नमुन्यात ती ओळ राहिली असेल तर काही लायब्ररी मिळतील, काही मिळणार नाहीत, आणि वाचकाला कारण कळणार नाही. पुढची तारीखही लिहून ठेवा: आयओएसच्या लायब्ररी देणाऱ्या कोकोपॉड्सचं ट्रंक (मुख्य साठा) २ डिसेंबर २०२६ पासून फक्त वाचनापुरतं राहणार असं त्यांनी जाहीर केलं आहे. तुमचं इन्स्टॉलेशनचं पान आयओएससाठी फक्त पॉडफाइल दाखवत असेल तर ते त्याआधी बदलायला घ्या.

चेकर लावाच, पण दोन पातळ्यांवर. अंतर्गत लिंक प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (कुणाचा बदल मंजुरीला येतो तेव्हा) तपासा आणि तुटली तर बिल्ड पाडा. साइट बनवणारी डॉक्युसॉरस आणि व्हीटप्रेस ही साधनं हे मुळातच करतात, एमकेडॉक्सला स्ट्रिक्ट मोड द्यावा लागतो. डॉक्युसॉरसमध्ये तुटलेल्या अँकरवर फक्त इशारा येतो, तिथे सेटिंग बदलून एरर करा. बाहेरच्या लिंक मात्र पुल रिक्वेस्टवर कधीच तपासू नका. दुसऱ्याचा सर्व्हर पाच मिनिटं झोपला म्हणून तुमच्या माणसाचा शुद्धलेखनाचा बदल अडू नये. असं दोन-तीनदा झालं की लोक चेकरकडे दुर्लक्ष करायला शिकतात आणि मग तो असून नसल्यासारखा. बाहेरच्या लिंकसाठी आठवड्यातून एकदा स्वतंत्र जॉब चालवा. लायची किंवा स्फिंक्सचा लिंकचेक ही साधनं हे काम चांगलं करतात. ४२९ म्हणजे तुम्ही घाईने विचारताय, वेग कमी करा. ४०३ आला तर बऱ्याचदा तो बॉटला दिलेला नकार असतो, ब्राउझरमध्ये पान उघडतं. काही सर्व्हर हेड रिक्वेस्टला (मजकूर न मागता नुसतं विचारण्याला) नाही म्हणतात आणि गेटला हो. ॲपलच्या नव्या डॉक्युमेंटेशनची पानं जावास्क्रिप्टशिवाय मजकूरच दाखवत नाहीत, त्यामुळे साध्या चेकरला तिथले अँकर सापडत नाहीत. जी लिंक वगळाल तिच्यासमोर कारण आणि तारीख लिहा. कारण न लिहिलेली वगळणी पुढे कुणीच काढत नाही.

आणि माणसाने करायचं काम? सगळ्या लिंक वाचणं शक्य नाही, म्हणून क्रम लावा. सर्व्हरच्या लॉगमधून सर्वाधिक येणारे ४०४ आणि ते कुठल्या पानावरून येतात ते काढा. त्यानंतर इन्स्टॉलेशन, ऑथेंटिकेशन, पुश नोटिफिकेशन आणि मायग्रेशन ही पानं घ्या, कारण तिथे अडकलेला माणूस पुढे जाऊच शकत नाही. प्रत्येक लिंकसमोर एक प्रश्न लिहा: वाचक इथून काय घ्यायला जातो? उत्तर एका ओळीत लिहिता येत नसेल तर ती लिंक काढा. उत्तर 'किमान एपीआय लेव्हल' असं एका आकड्याचं असेल तर तो आकडा तिथेच लिहा, वाचकाला बाहेर पाठवू नका. उत्तर 'प्ले स्टोअरची सध्याची टार्गेट एपीआयची अट' असं दरवर्षी बदलणारं असेल तर उलट करा: आकडा लिहू नका, मूळ पानाची लिंक द्या.

जुन्या रिलीज नोट्सना मी हात लावत नाही. त्या त्या दिवसाची नोंद आहेत. तिथली लिंक मेली असेल तर वेबॅक मशीन या वेब-संग्रहातली त्या काळाची प्रत द्यावी, आजच्या पानाकडे वळवू नये. आवृत्तीनुसार ठेवलेल्या डॉक्युमेंटेशनलाही हाच नियम: तिसऱ्या आवृत्तीच्या पानावरून लिंक तिसऱ्याच आवृत्तीच्या पानावर जावी. 'लेटेस्ट'ची लिंक फक्त संकल्पना समजावणाऱ्या पानांसाठी वापरा, एखाद्या मेथडच्या वागण्यासाठी कधीच नाही.

शेवटी, रीडायरेक्ट किती दिवस ठेवायचे? सर्चच्या दृष्टीने गूगल किमान एक वर्ष सांगतं. एसडीकेसाठी ते पुरत नाही. तुमची सगळ्यात जुनी आवृत्ती कुणाच्या तरी ॲपमध्ये चालू आहे तोवर ठेवा, आणि जुन्या डोमेनचं नूतनीकरण त्याहूनही पुढे चालू ठेवा. ते डोमेन सुटलं आणि दुसऱ्याने घेतलं, तर तुमच्या एरर मेसेजमधली लिंक त्याच्या पानावर जाईल. तिथे तो 'ही डिपेंडन्सी जोडा' असं काहीही लिहू शकतो, आणि मेसेज तुमच्या एसडीकेचा असल्यामुळे डेव्हलपर विश्वास ठेवेल. जुनं डोमेन मेव्हन रेपॉझिटरीचा पत्ता म्हणून कुणाच्या ग्रेडल फाइलमध्ये असेल, तर त्या नव्या मालकाला काही लिहायचीही गरज नाही, बिल्ड स्वतःहून त्याच्याकडून फाइल आणेल. म्हणून जुन्या डोमेनचं नूतनीकरण एका माणसाच्या ईमेलवर ठेवू नका, टीमच्या खात्यावर घ्या, ऑटो-रिन्यू लावा आणि तिथल्या टीएलएस सर्टिफिकेटवरही तेवढंच लक्ष ठेवा. सर्टिफिकेट संपलं की रीडायरेक्ट होण्याआधीच ब्राउझर वाचकाला अडवतो.